जैसलमेरच्या वाळूत रुतलेली जीप आणि तुमची छागळ

बजाजनगर,
शनिवार, दुपार

खुलताबाद मुक्कामी श्री. आप्पासाहेब व्याहीबुवा यांना कारभारीचा हात जोडून, मान खाली घालून रामराम.

तुमची, सुरेखाबाईंची आणि अंजिराच्या बागेची तब्येत चांगली असंल असं धरून चालतो. इकडलं सगळं ठीक आहे (तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, तुमच्या विहीणबाईंचा, सारजाचा, गुडघा दुखतोय आणि मला कालपासून चहासुद्धा गोड लागंना). तनुजा मजेत आहे. सुनेचं कौतुक तिच्या बापापुढं करू नये म्हणतात, व्याही चढून बसतो, पण पोरगी लाखात एक आहे, लिहून टाकलं, आता काय चढायचं ते चढा. तिनंच काल सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं, की तुम्ही ट्रॅक्टरची चावी तिच्या भावाच्या, सुदर्शनच्या, हवाली केली, दारावर खडूनं 'मोटार बंद केली' असं लिहून ठेवता आणि तरी दोनदा विहिरीवर जाऊन बघून येता, आणि येत्या मंगळवारी गारखेड्याला मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला येणार आहात. जैसलमेरहून आल्यापासून बाबांना विसरायला होतंय, म्हणाली, आणि गाळणी तशीच हातात धरून रडायला लागली. तुमच्या वडिलांना शेवटी शेवटी स्वतःच्या शेताचा बांध ओळखू येत नव्हता, हे तुम्हीच मला मागं सांगितलं होतं. तीच भीती तुमच्या मनात बसली, हे मला न सांगता कळलं. म्हणून हे पत्र. फोन केला नाही असं नाही. कालपासून चार वेळा लावला. चारही वेळा तुम्ही म्हणालात, "बोला बोला," आणि मी अंजिराला काय भाव मिळाला ते विचारून ठेवून दिला. (भाव मला आता पाठ झालाय.) कागदाचं एक बरं असतं, कागद बोला बोला म्हणत नाही.

तर मुद्द्यावर येतो. पण मुद्द्यावर यायचं तर मुळापासून यावं लागंल, आणि मूळ आहे आमच्या चिरंजीवांच्या, तुमच्या जावईबापू शिवमच्या, शौकात. उभा जन्म आपण चिखलातनं निघून डांबरावर यायला घालवला. माझा बाप बैलगाडीच्या चाकाला खांदा लावून लावून वाकला. आणि हे पोरगं चांगली चारी चाकांना जोर असणारी जीप घेतं आणि दर रविवारी डांबर सोडून नाल्यात, ओढ्यात, म्हैसमाळच्या मागच्या दगडगोट्यांत घालतं, रुतवतं, काढतं, त्याचे फोटो काढतं आणि घरी येऊन भाजी का गार झाली म्हणून विचारतं! होळी झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की आता वाळवंट. जैसलमेर. दोन्ही बापांना घेऊन जातो म्हणाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. रिटायर झाल्यापासून मी बजाजनगरच्या बाहेर गेलो तो फक्त दुसऱ्याच्या दहाव्याला. आणि तुम्ही येणार म्हटल्यावर तर मी आठ दिवस आधी बॅग भरली. व्याही झाल्यापासून आपण दोघं कधी निवांत बसलोच नाही. तुम्ही येता, दारात उभ्या उभ्या चौकशी करता आणि जाता.

आता त्या दारातल्या उभं राहण्याबद्दल लिहावंच लागंल. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा तुमच्या घराण्याचा रिवाज. सोयरीक जमली तेव्हाच तुम्ही सांगितला होता आणि मी मान डोलावली होती. मला वाटलं, म्हणतात लोक, आणि मग चहा घेतात. तुम्ही घेतला नाही. दोन वर्षं झाली लग्नाला, आमच्या घरचा एक घोट तुमच्या घशाखाली गेला नाही. संक्रांतीला आलात तेव्हा सारजानं बळंच तिळगूळ हातावर ठेवला, तो तुम्ही रुमालात बांधून खुलताबादच्या वेशीपर्यंत नेलात आणि गाईला चारलात. (हे मला सुदर्शननं सांगितलं. त्याला बोलू नका, पोरगं भाबडं आहे.) रिवाज आहे, मान्य. पण माणूस आपल्या दारात, भर उन्हात, स्वतःच्या पिशवीतलं पाणी पितो आणि आपली बायको भरला तांब्या घेऊन बाजूला उभी राहते, हे दोन वर्षं बघून कसं वाटतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसंल. वाईट वाटतं, आप्पासाहेब. लई वाईट वाटतं.

तर प्रवासाला निघालो तेव्हा तुमच्या खांद्याला ती पाण्याची कॅनव्हासची छागळ होती. बाजारात असलं काही आता मिळत नाही. तुमच्या वडिलांची म्हणे, शेतावर न्यायची. जीप जावयाची, म्हणजे लेकीच्या घरची, म्हणून जीपमधलं पाणी चालणार नाही. (जीपमध्ये बसलेलं कसं चालतं, हे मी धुळ्यापर्यंत विचारत होतो. बुडाला रिवाज नसतो, असं तुम्ही म्हणालात आणि विषय संपला.) दोन दिवस तुम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, धाब्यावर वेगळ्या टेबलावर बसलात, आणि दर मुक्कामाला स्वतःच्या हातानं छागळ भरून जीपच्या उजव्या आरशाला बाहेरून अडकवलीत, वाऱ्यानं पाणी गार राहतं म्हणून. राहायचंही. शिवमनं घेतलेला पाण्याचा वीस लिटरचा जार मागं डचमळत होता, त्याच्याकडं तुम्ही ढुंकून पाहिलं नाही.

आता तो दिवस. आदल्या दिवशी शिवमनं आपल्याला वाळूत फिरवून आणलं, सगळं झकास झालं, आणि संध्याकाळी त्यानं तुपात बुडवलेला चुरमा इतका हाणला, की सकाळी पोट धरून गेस्टहाउसच्या खाटेवर आडवा. मी बाहेर आलो तर जीपची चारी चाकं बसलेली, निम्मी हवा गायब. तुम्ही म्हणालात, शिवमनंच काल काढली असंल, वाळूचं आपल्याला काय कळतं, पोराला विचारा. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय आणि आठवलं की कान गरम होतात. मी म्हणालो, बत्तीस वर्षं वाळूजला कंप्रेसर रूममध्ये काढली, अख्ख्या कंपनीला हवा मी पुरवली, हवेतलं मला शिकवू नका! आणि पाऊण तास पायपंप मारून चारी चाकांत पस्तीसची हवा भरली. चाकं अशी टणक झाली, की बोटानं वाजवली तर टणटण. शाबासकीच्या अपेक्षेनं तुमच्याकडं बघितलं, तुम्ही आभाळाकडं बघत होता. मग मी म्हणालो, चला, एक चक्कर मारून येऊ, पोरगं झोपलंय तोवर.

पहिले सात-आठ किलोमीटर रस्ता कडक होता. मी गाणं म्हणत होतो. मग पुढं वाळूचा एक उंचवटा आला, आणि मला वाटलं, काल पोरगं चढलं, मी त्याचा बाप आहे. निम्म्यावर गाडी थांबली. मी पाय दाबला, चाकं गरगर फिरली, गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली गेली. तुम्ही म्हणालात, दाबू नका, चिखलात बैलाला मारलं तर बैल आणखी रुततो, उतरा, हातानं वाळू काढू, चाकाखाली काटक्या घालू. तुम्ही शेतकरी माणूस, जन्म रुतलेलं काढण्यात गेला. मी ऐकायला पाहिजे होतं. मी आणखी दाबला. पाच मिनिटांत जीप पोटावर बसली, दार उघडायला गेलो तर दार वाळूला घासलं. फोनला रेंज नाही. आलो ती चाकोरी वाऱ्यानं पुसून टाकलेली. चारी बाजूंना बघितलं तर सगळं सारखंच, कुठून आलो म्हणायचं ते कळंना. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन आपल्याकडल्या वैशाखासारखं.

तासभर वाळू उकरली. वाळू उकरली की तिथं नवीन वाळू येते, हे ज्ञान तिथं झालं. मग तुम्ही पाणी प्यायला उजव्या आरशाकडं गेलात. छागळ नव्हती. (ह्याबद्दल पुढं लिहितो.) तुम्ही गाडीच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटखाली बघितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं, की आजही डोळ्यांपुढं येतं. मी अडकवली होती ना, असं विचारलंत. मी म्हणालो, राहिली वाटतं गेस्टहाउसवर, विसरला असाल, वय झालं आता. हे मी हसून म्हणालो. आणि जारमधला पेला भरून पुढं केला. तुम्ही नको म्हणालात. मी म्हणालो, अहो, हे जैसलमेरच्या दुकानातलं पाणी आहे, आमच्या नळाचं नाही. तुम्ही विचारलंत, आणलं कुणी? मी म्हणालो, इथं कोण बघतंय? तुम्ही म्हणालात, मी बघतोय ना. मी तो पेला तुमच्यासमोर घटाघटा पिऊन टाकला. मग आणखी एक. तुम्ही गाडीच्या सावलीत टेकून बसलात आणि मी दर अर्ध्या तासानं पेला पुढं करायचो, आणि दर वेळी माझा आवाज चढायचा. बारा वाजता तुमचे ओठ पांढरे पडले होते. मी हात जोडायला पाहिजे होते. त्याऐवजी मी भडकलो. तुम्हाला नको ना, चाकाला तरी पाजतो, म्हणालो, आणि जार उचलून होतं नव्हतं तेवढं पाणी मागच्या चाकांखाली ओतलं! वाळू ओली झाली की कडक होते असं कुणीतरी सांगितलं होतं, हे सगळ्यांना सांगत सुटलो नंतर. खोटं आहे. रागानं ओतलं. गाडी वीतभर पुढं सरकली आणि पहिल्यापेक्षा हातभर खाली गेली.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही आडवे झालात. हाक मारली तर ओ येईना. आप्पासाहेब, मी कंपनीत माणसाची बोटं मशीनमध्ये गेलेली बघितली, तेव्हा मशीन मीच बंद केली. तिथं मी तुमचंच नाव घेऊन ओरडत सुटलो. पाण्यासाठी गाडी पालथी घातली. काच पुसायच्या टाकीत पाणी होतं, पण त्याला साबणाचा फेस. मी माझा घामानं भिजलेला सदरा काढून तुमच्या कपाळावर ठेवला आणि नुसता बनियनवर बसून तुम्हाला वारा घालत राहिलो. खुलताबादला सुरेखाबाईंना काय सांगायचं, तनुजाला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. नवस बोललो. कुणाकुणाला बोललो ते आठवत नाही, जवळजवळ सगळ्यांनाच बोललो.

मग ती शेळ्यावाली म्हातारी आली. कुठून आली देव जाणे. कमरेला एक मळकी प्लॅस्टिकची बाटली. तिनं तुमचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर हबका मारला आणि बाटली ओठाला लावली, आणि तुम्ही नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सगळी बाटली संपवलीत. मला बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी, काय सांगू, मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. आमची सारजा दोन वर्षं तांब्या घेऊन उभी आहे आणि हिला एका मिनिटात मान मिळाला. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात हे आलं, असला मी माणूस. म्हातारीनं मग चाकाला टाच मारून बघितली आणि पदर तोंडाला लावून हसली. तिची भाषा मला कळली नाही, पण हसण्याचा अर्थ कळला: टणक चाक वाळूत रुततं, बसकं चाक वाळूवर पसरून तरतं. तिनं बाभळीचा एक काटा मोडून माझ्या हातात दिला आणि चाकाच्या नळीकडं बोट केलं. कंप्रेसर रूमचा बत्तीस वर्षांचा फोरमन गुडघ्यावर बसला आणि काट्यानं चारी चाकांची हवा सोडत बसला. फुस्स्स करून माझी सगळी नोकरी बाहेर गेली. म्हातारीनं आणि मी चाकापुढची वाळू हातानं सारली, झुडपं तोडून घातली (जे तुम्ही साडेनऊलाच सांगितलं होतं), आणि जीप म्हशीसारखी डुलत बाहेर आली. जायचं कुठं, तेही तिनंच काठीनं दाखवलं.

गेस्टहाउसवर आलो तर तुमची छागळ ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीच्या मागं टेकवलेली. भरलेली. तुम्ही ती बघितली आणि कपाळाला हात लावलात. माझ्यामुळं तुम्हाला एवढा ताप झाला, माफ करा, असं तुम्ही मला म्हणालात. तुम्ही मला! आणि मी, शिवमच्या देखत, तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, होतं असं, चालायचंच. येताना दोन दिवस तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं रागावलात. तुम्ही रागावला नव्हता, तुम्ही दर मुक्कामाला खिसे तपासत होता, एवढं मला काल तनुजा रडली तेव्हा कळलं.

बाकी सर्व ठीक. सुरेखाबाईंना नमस्कार, सुदर्शनला आशीर्वाद. पाऊस वेळेवर आला तर बरं. पत्र उद्या शिवमच्या हाती पाठवतो. लोभ आहेच, तो उरावा ही विनंती.

तुमचा व्याही,
कारभारी

ता. क. – शिवमनं मला आता जीपच्या चावीला हात लावायचा नाही असं सांगितलंय. बरोबरच आहे. चाकात हवा भरायची वेळ आली तर तो मला आत बसायला सांगतो.

ता. क. दुसरा – लिफाफा चिकटवला होता, परत फाडला. सारजानं विचारलं, लिहिलं का ते? मी म्हणालो, लिहिलं सगळं. ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणा. म्हणून लिहितो. तुम्ही काहीही विसरला नाहीत. छागळ तुम्ही सकाळी सहाला भरलीत, उजव्या आरशाला अडकवलीत आणि पट्ट्याला गाठ मारलीत. ती गाठ मी सोडली. तुम्ही तोंड धुवायला गेला होता तेव्हा छागळ काढून खुर्चीमागं लपवली. मला वाटलं, दोन तास तहान लागंल, मग झक मारून आमच्या जारचं पाणी प्याल, एकदा रिवाज मोडला की मोडला, हसून सोडून द्याल, आणि पुढच्या वेळी सारजाच्या हातचा चहा घ्याल. एवढीच अक्कल. त्यापायी तुमचा जीव जात होता, आणि जीव वाचला तर मी तुमच्या डोक्यात हे भूत घातलं. तीन महिने मी गप्प बसलो, कारण मला वाटलं, आता बोललो तर हा माणूस परत दारातसुद्धा उभा राहणार नाही. मंगळवारी डॉक्टरकडं जाऊ नका. तुमचा मेंदू माझ्यापेक्षा शंभर पटीनं शाबूत आहे. सुदर्शनकडनं ट्रॅक्टरची चावी आत्ता मागून घ्या. दारावरचा खडू पुसा. शिव्या द्या, सोयरीक तोडल्यासारखं वागा, तनुजाला मी त्याची झळ लागू देणार नाही. पण स्वतःवर संशय घेऊ नका, पाया पडतो. आणि कधी जमलं तर घरी या. पाणी तुमचं तुम्ही आणा. मी हात लावणार नाही. आत येऊन बसा फक्त.

ता. क. तिसरा – रविवार, सकाळचे अकरा. अक्षर हललंय, कारण पत्र जीपमध्ये मांडीवर लिहितोय. शिवमला एकट्याला पाठवायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी मीही मागं चढून बसलो. पत्र तो तुमच्या हातात देईल आणि गोठ्याकडं जाईल, तसं त्याला सांगितलंय. मी तुमच्या फाटकाबाहेर चिंचेखाली गाडीत आहे. वाचून झालं, की बोलवायचं का नाही ते तुम्ही ठरवा. नाही बोलवलं तर तुमचं बरोबरच आहे, मी इथूनच माघारी जाईन आणि कुणाला काही सांगणार नाही. घाईत निघालो, पाणी आणलेलं नाही.